ओ येईपर्यंत

समाजमंदिराच्या मागच्या खोलीत मॉडेम पहिल्यांदा ओरडला तेव्हा माय दारात उभी होती. डोक्यावर टोपली, टोपलीत वाळवायला काढलेली लाखोळीची डाळ. आधी टेलिफोनची नेहमीची टूं टूं, मग दोन शिट्ट्या, मग खरखर, आणि तिच्यातून उठलेला एक चिरका लांबलचक सूर. मायने टोपली खाली ठेवली. "मांजर अडकली का वं पेटीत?" मी म्हटलं, "नाई माय, टेलिफोनच्या तारेतून नागपूरच्या मशीनशी बोलून राह्यला." तिने थोडा वेळ ऐकलं. "बोलते म्हंते. मले त भांडून राह्यल्यासारखं वाटते." आणि टोपली उचलून ती चालू लागली.

ती अगदीच चुकली नव्हती. संगणकाला शून्य आणि एक या दोनच खुणा कळतात आणि टेलिफोनच्या तारेला कळतो फक्त आवाज. मग शून्य-एकाचा आवाज करायचा, तो तारेतून सोडायचा आणि पलीकडे त्या आवाजाचे पुन्हा शून्य-एक करायचे, एवढंच मॉडेमचं काम. सुरुवातीला दोन्हीकडचे मॉडेम किती वेगाने बोलायचं यावर घासाघीस करतात, तीच ती मायची मांजर. हल्ली घरोघरी जी पांढरी डबी असते ती मुकी आहे, नुसते दिवे मिचकावते. विद्यार्थ्यांना मी तो जुना आवाज तोंडाने काढून दाखवते तेव्हा बाई बिघडली अशा नजरेने ती पोरं माझ्याकडे बघतात. बघू देत. नागभीडच्या आमच्या बौद्ध वस्तीत इंटरनेट आलं ते असं ओरडत आलं, आणि त्याला आत घेण्यासाठी मला त्याच्याहून जास्त ओरडावं लागलं.

आमचं घर रुळांच्या कडेला होतं. बाबा जंक्शनवर काटेवाले होते, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर घेणारे. त्या काळी नागभीडला दोन मापांचे रूळ होते. नागपूरकडून यायची ती छोटी गाडी, जिची शिट्टी वासराच्या हंबरण्यासारखी, आणि गोंदिया-चांद्याची मोठी गाडी, जिच्या येण्याने फळीवरची जर्मनची भांडी एकमेकांवर आपटायची. भांडी वाजली की माय चुलीवरचा भात उतरवायची, कारण बाबांची पाळी त्या गाडीनंतर सुटायची. घरात घड्याळ होतं, पण ते बंद पडलेलं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. जेवायला उकड्या तांदळाचा भात, लाखोळीचं वरण, जवसाची चटणी, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वांग्यात घातलेली सुकी मासोळी. त्या मासोळीच्या वासावर अर्धी वस्ती आमच्या अंगणात गप्पा मारायला यायची आणि माय कोणाला उपाशी जाऊ द्यायची नाही. पुढे मी मोठ्या हॉटेलांत जेवले, पण तसा वास कुठेही आला नाही, आणि आला असता तर लोकांनी खिडक्या उघडल्या असत्या.

नागपूरला मावशीकडे राहून मी वर्षभर नेटवर्किंगचा कोर्स केला. संगणक एकमेकांना कसे जोडायचे, ते बोलत नसतील तर कुठे अडलं ते कसं शोधायचं, हे सगळं. वर्गात मी एकटी मुलगी आणि एकटी नागभीडची. पास झाल्यावर सगळे पुण्याला निघाले आणि मी छोट्या गाडीत बसून घरी आले. लोकांना वाटलं, पोरीला नोकरी मिळाली नाही. मिळाली होती. पण वर्षभर त्या वर्गात बसून माझ्या डोक्यात एकच घुसलं होतं, की हे आमच्या वस्तीतल्या बायांना आलं पाहिजे, आणि ते मीच शिकवणार. हट्टीपणात मी मायवर गेले आहे, हे तेव्हा आम्हा दोघींनाही मान्य नव्हतं.

यंत्रं दिली सलीमभाईंनी. स्टेशनरोडला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नागपूरच्या भंगारातून त्यांनी चार जुने संगणक आणून जिवंत केले आणि मला म्हणाले, "बेटा, चलाके दिखा, फिर बात करेंगे." पैशाची ती 'बात' त्यांनी पुढे कधी काढलीच नाही. खोलीत वायर टाकायलाही तेच आले. चार यंत्रांतून चार वायरी निघायच्या आणि एका छोट्या डबीत जायच्या. ती डबी म्हणजे हब. एका यंत्राने काही सांगितलं की हब ते बाकी सगळ्यांना ऐकवतो, आणि ज्याचं असेल तो ते घेतो. अशी यंत्रं जोडून एकमेकांशी बोलती केली की झालं नेटवर्क. चारांचं असो की चार कोटींचं. असंख्य छोटी नेटवर्क एकमेकांना जोडली की होतं ते इंटरनेट, एवढं ज्याला कळलं त्याला पुढचं कळायला वेळ लागत नाही.

खोली मात्र वस्तीच्या कमिटीची, आणि कमिटी म्हणजे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, अर्ध्या वस्तीच्या तळहातावर त्यांची छडी वाजलेली, माझ्याही. बायांच्या बचत गटाने त्या वर्षी धान एकत्र साठवायचं ठरवलं होतं आणि पोत्यांना कोरडी जागा हवी होती. वस्तीत कोरडी खोली ती एकच. गुरुजी मला म्हणाले, "जयंतीपर्यंत खोली वापर. जयंतीच्या दिवशी सगळ्या वस्तीसमोर दाखव. आपल्या बाया स्वतः मशीन चालवतात, एकीचा निरोप दुसरीला जातो, इथून नागपूरला जातो. दिसलं तर खोली तुझी. नाई दिसलं तर पोती येतील, आणि मग तू रडायचं नाई." मी म्हटलं, "मी रडत नसते गुरुजी." ते म्हणाले, "चौथीत रडली होती." गुरुजींची स्मरणशक्ती हा वस्तीला शाप होता.

आणि मायनेही तीच तारीख धरली होती. चिमूरहून मला स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, घरची शेती, माणसं भली. मुलात नाव ठेवायला काही नव्हतं, हीच खरी अडचण होती. माय म्हणाली, "जयंती होऊ दे. तुही खोली राह्यली त पाहू. नाई त त्यायले हो म्हून देऊ. रिकाम्या पोट्टीले किती दिवस घरी ठेवाचं?" दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर येत असल्या की काटेवाला कसा गप्प उभा राहतो, तसे बाबा जेवताना गप्प राहिले. मला मात्र स्पष्ट दिसत होतं की खोली गेली तर वर्ग गेला, आणि वर्ग गेला तर मी चिमूरला.

पहिले काही आठवडे मी गुरुजींचं ऐकलं. ते म्हणायचे, आधी व्याख्या पाठ पाहिजे. म्हणून मी फळ्यावर लिहायचे, 'नेटवर्क म्हणजे दोन किंवा अधिक संगणकांची परस्पर जोडणी', आणि बाया एका सुरात म्हणायच्या. शेवंताकाकू, वस्तीतली सगळ्यात वयस्क विद्यार्थिनी, बुद्धवंदना म्हणावी तशा डोळे मिटून म्हणायच्या. बेबीबाई धान कांडून आलेली असायची, ती बसल्या बसल्या झोपायची. कविता माझ्याहून लहान, नुकतं लग्न होऊन आलेली, ती सगळं बरोबर म्हणायची आणि यंत्राला हात लावायला घाबरायची. माझं डोकं लवकर तापतं. एक दिवस मी खडू आपटला आणि म्हटलं, "तुमाले शिकाचं हाय का नाई?" दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी आलं नाही.

रागावल्या म्हणून नव्हे. मोहफूल पडायला लागलं होतं आणि सगळ्या रानात गेल्या होत्या. मला ते कळलं तेव्हा आणखी राग आला. जयंती तोंडावर आली होती आणि माझा वर्ग मोहाखाली बसला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे मीही मायच्या मागे निघाले. म्हटलं, तिथेच धरून शिकवते.

मोहाच्या दिवसांत रानाला जो गोड, आंबूस वास येतो तो नाकात बसला की दिवसभर जात नाही. दव पडलेलं असतं, फुलं टपटप गळत असतात, आणि ज्या घराचं जे झाड ठरलेलं, त्याच्याखाली ती ती बाई. झाडं लांब लांब, मध्ये झुडपं, एकीला दुसरी दिसत नाही. त्या वर्षी नाल्याच्या अंगाला 'तो' पट्टेवाला फिरत होता. रानात त्याचं नाव घेत नाहीत. माणसांचंही घेत नाहीत, नावाने हाक मारली तर रानातलं कोणीतरी ते नाव शिकतं असं जुन्या बाया म्हणतात. म्हणून फक्त 'हूऊऊ' अशी हाक. ज्या बाजूला तोंड करून हाक मारली त्या बाजूच्या बाईने ओ द्यायची. हात वेचत असतात आणि मधूनमधून अशी हाक सगळ्या रानातून फिरून येते.

मी फुलं वेचत रागारागाने विचार करत होते. हाक आली, मी ऐकली, पण ओ दिली नाही. पुन्हा आली. मला वाटलं, देतील दुसऱ्या. तेवढ्यात सगळं रान गप्प झालं. फुलं वेचण्याचा आवाज नाही, बांगड्यांचा नाही, काही नाही. मग मायची हाक आली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की मी उभीच राहिले. "हूऊऊ!" मी ओ दिली. झुडपं मोडत माय आली. हातात काठी, चेहरा पांढरा. "काऊन ओ देत नाई वं? साऱ्या बाया जागच्या जागी उभ्या हायेत तुह्यासाठी! ओ आल्याशिवाय जागचं हलाचं नाई, एवढंही ठाऊक नाई तुले?" सगळ्या रानाला ऐकू जातील अशी बोलणी मला बसली. शेवंताकाकू लांबून ओरडल्या, "भेटली का वो पोट्टी?" आणि पुन्हा वेचण्याचा आवाज सुरू झाला.

परत येताना मी सगळ्यांच्या पुढे चालत होते, जवळजवळ पळत. कारण ज्याला नागपूरच्या वर्गात पिंग म्हणायचे ते मी नुकतंच रानात ऐकलं होतं. एका यंत्राने दुसऱ्याला हाक मारायची. ओ आली की समजायचं, वायर ठीक, यंत्र जागं, वाट मोकळी. आली नाही तर पुढचं काही करायचं नाही, आधी तिथेच शोधायचं.

त्या संध्याकाळी वर्ग भरला आणि मी फळा पुसून टाकला. "रानात नाव नाई घेत ना? मशीनही नाई घेत. तिले फक्त आकडा समजते," मी म्हटलं. प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो, त्याला आयपी म्हणतात. आमच्या खोलीतल्या सगळ्यांचा पुढचा भाग एकच, तो वस्तीचा म्हणा, आणि शेवटचा आकडा ज्याचा त्याचा, तो घराचा. ज्या यंत्राला मॉडेम जोडला होता ते एक, मग दोन, तीन, चार. बाहेर नागपूरला काही पाठवायचं तर ते एकमधूनच जाणार, म्हणून ते वाटेचं यंत्र, गेटवे. पत्ता यंत्रात कुठे लिहायचा, कसा बदलायचा, हेही मी दाखवलं. हल्ली हे आकडे राउटर आपोआप वाटतो आणि कोणाला त्यांची खबरही नसते. तेव्हा आम्ही ते हाताने लिहायचो, आणि हाताने लिहिलेल्याचा जीव वेगळाच असतो, हे मला लवकरच कळणार होतं.

बेबीबाई त्या दिवशी झोपली नाही. कविताने तीनवरून चारला हाक मारली, पडद्यावर उत्तराच्या ओळी आल्या, आणि ती किंचाळली, "ओ देल्ली वो, ओ देल्ली!" शेवंताकाकूंनी विचारलं, "पन साऱ्या दुनियेचे आकडे कोन ध्यानात ठेवते?" मी म्हटलं, "पोस्टमन घर सापडलं नाई की कोनाले विचारते?" सगळ्या एकदम म्हणाल्या, "काकूले!" तेच. इंटरनेटवरही काही यंत्रं अशी असतात की त्यांना नाव सांगितलं की ती आकडा सांगतात. त्यांना डीएनएस म्हणतात. काकूंनी पदर सावरला आणि पुढे कितीतरी दिवस त्या स्वतःची ओळख तशी करून देत होत्या.

घरी जेवताना बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "तारेतून जाते काय पन? अख्खी चिठ्ठी?" मी सांगितलं की चिठ्ठीचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर कुठून आला, कुठे जायचा, कितवा, हे लिहिलेलं असतं. त्याला पॅकेट म्हणतात. कोणता कोणत्या वाटेने जाईल याचा नेम नाही, पोचल्यावर पुन्हा जुळवतात. बाबा म्हणाले, "म्हंजे छोट्या गाडीतली पोती मोठ्या गाडीत चढवतेत तसंच. कोनतं पोतं कोनत्या डब्यात गेलं काय फरक, मार्का पाह्यला की झालं. अन् एखादं हरवलं त?" मी म्हटलं, "तेवढंच पुन्हा मागवून घेते." बाबांनी मान हलवली. "बरं हाय. आमच्यात हरवलं की मेमो भेटते." माय वाढता वाढता ऐकत होती, पण तिने चिमूरचा विषय सोडला नव्हता.

जयंतीचा दिवस उजाडला तो लाऊडस्पीकरनेच. वस्तीभर निळे झेंडे, दारोदार रांगोळ्या, मोठ्या कढईत खीर. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, इस्त्रीचे कडक कपडे घातलेले बाप्ये. वंदना झाली, भाषणं झाली, आणि गुरुजींनी माईकवरून जाहीर केलं की आता सगळ्यांनी मागच्या खोलीकडे यावं. नागपूरला मावशीचा मुलगा एका सायबर कॅफेत आमच्या निरोपाची वाट बघत बसला होता. खोलीत मावतील तेवढी माणसं आत, बाकीची दारात, खिडकीत, अंगणात. मी वाटेच्या यंत्रापुढे बसले आणि मोठ्यांदा म्हटलं, "आता मी दोन नंबरले हाक मारतो." टाइप केलं. उत्तर नाही. तीनला मारली. नाही. चारला. नाही.

सकाळीच मी सगळं तपासलं होतं, सगळ्यांनी ओ दिली होती. सलीमभाई गर्दीतून पुढे आले आणि हबवर वाकले. "सब बत्ती जल रही है बेटा. वायर मेरी ठीक है, गड़बड़ ऊपर है." वायर ठीक म्हणजे अडचण पत्त्यात. मागे कोणीतरी म्हणालं, खीर थंड होऊन राह्यली. काहीजण हसले. गुरुजी माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "राहू दे बेटा. झालं ते खूप झालं." त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. छडी मारली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "नाई गुरुजी. मी शोधतो."

शेवंताकाकूंच्या यंत्रावर जाऊन मी पत्ता उघडला. दोन असायला हवा होता. तिथे होता चौदा. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी हात जोडले. "वंदना चालू होती तवा येऊन बदलवला, मशीन बंद करून चालूही केली. आजच्या दिवशी मले दुसरा आकडा कसा चालन वो?" आमच्या वस्तीत चौदा हा साधा आकडा नाही. एप्रिलच्या चौदा तारखेला तिथे माणसं नवे कपडे घालतात, लेकरांची नावं ठेवतात, घराचा पाया घालतात. मग एक शंका येऊन मी बेबीबाईच्या यंत्राकडे धावले. चौदा. कविताच्या यंत्राकडे. चौदा! तिघीही वंदनेतून एकेक करून, एकमेकींना न सांगता उठल्या होत्या. यंत्राने दोघींना बजावलंही होतं, की हा पत्ता आधीच कोणाचा तरी आहे. पण ते इंग्रजीत. बेबीबाई म्हणाली, "पाटी आली होती. खाली ओके होतं. मी ओके केलं."

मला हसावं की रडावं कळेना. चिडले तर प्रचंड होते. पण चिडून मी गर्दीकडे वळले आणि तिथल्या तिथे ठरवलं, की लपवायचं नाही. मी ओरडूनच सांगितलं. "ऐका! या तिघींनी आपापल्या घराले एकच नंबर देल्ला. चौदा. आता पोस्टमन चिठ्ठी घेऊन आला, चौदा नंबर कोनाचं घर, त तिघीही म्हंतेत माहं. त्यानं चिठ्ठी द्याची कोनाले? मशीनचं तसंच झालं. एका वस्तीत एक आकडा एकाचाच पाहिजे. हे नेटवर्कचं पहिलं कलम हाय, अन् आज ते तुमच्या समोर मोडलं म्हून तुमाले दिसलं." अंगणातून कोणीतरी विचारलं, "मंग चौदा कोनाचा?" आणि खोलीत एकदम कालवा. काकू सोडेनात, बेबीबाई सोडेना, कविता तोंडाने काही बोलत नव्हती पण तिने कळफलक दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

निकाल लागला तो कविताच्याच तोंडून. ती म्हणाली, "ज्याच्यातून साऱ्यायची वाट जाते, त्यालेच चौदा द्या ना. मंग आमाले दुसरा चालते." काकूंनी आधी मान हलवली, मग बेबीबाईने. मी वाटेच्या यंत्राला चौदा लिहिला. तिघींनी आपले दोन, तीन, चार पुन्हा लिहिले, आणि वाट म्हणून चौदा. स्वतःच्या हाताने लिहिले, मी कोणाच्याही कळफलकाला बोट लावलं नाही. आता फक्त यंत्रं बंद करून पुन्हा सुरू करायची होती, कारण त्या जुन्या यंत्रांना बदललेला पत्ता त्याशिवाय उमगत नसे.

ती उठायला इतका वेळ लावत होती की काय सांगू. काळे पडदे, घरघर, पुन्हा काळे पडदे. दारातली माणसं चुळबुळायला लागली. खिरीचा वास आत येत होता. एकजण निघाला, त्याच्या मागे दुसरा. अंगणातले लोक कढईकडे वळले. गुरुजींनी घसा साफ केला, आणि ते आता काय बोलणार ते मला ठाऊक होतं.

तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला. "कुठी चालले रे?" माय होती. सकाळपासून ती खिरीच्या कढईपाशी होती, ती कधी येऊन उभी राहिली मला दिसलंच नव्हतं. हातात झारा तसाच. "पोट्टीनं हाक मारली हाय. ओ आल्याशिवाय कोनी जागचं हलाचं नाई!" रानात जाणाऱ्या सगळ्या बाया जिथे होत्या तिथे उभ्या राहिल्या. त्या थांबल्या म्हणून बाप्ये थांबले. कोणीतरी जाऊन लाऊडस्पीकर बंद केला. माझ्या उभ्या आयुष्यात जयंतीच्या दिवशी वस्ती इतकी गप्प मी दुसऱ्यांदा पाहिली नाही. माझे डोळे भरून आले, हे गुरुजींनी बघितलं असणार, पण त्यांनी ते पुढे कधी काढलं नाही.

पडदे उजळले. काकूंनी चष्मा नीट केला आणि एका बोटाने एकेक कळ शोधत चौदाला हाक मारली. त्यांनी 'एंटर' दाबलं. पडद्यावर एक ओळ आली. मग दुसरी. काकू मागे वळल्या आणि खोलीला नव्हे, खिडकीला म्हणाल्या, "आली वो!" मग बेबीबाईची आली, मग कविताची. त्यानंतर मी मॉडेम लावला आणि ती मांजर त्या शांततेत अशी ओरडली की खिडकीतली पोरं खाली उतरली. कविताने टाइप केलेला निरोप तिच्या यंत्रातून चौदामध्ये, चौदामधून तारेत, तारेतून नागपूरला गेला. थोड्या वेळाने मावशीच्या मुलाचं उत्तर आलं. कविताने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. त्यात एवढंच होतं, की पोचलं, जय भीम, आणि माझ्या वाटणीची खीर ठेवा.

टाळ्या वगैरे झाल्या. गुरुजी शेवंताकाकूंच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी शाळेतल्या आवाजात विचारलं, "शेवंता, नेटवर्क म्हणजे काय?" व्याख्या तर आम्ही केव्हाच सोडून दिली होती. काकू म्हणाल्या, "हाक माराची अन् ओ द्याची सोय, गुरुजी." गुरुजींनी दाराशी जाऊन बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंना बोलावलं आणि म्हणाले, "पोती माझ्या पडवीत ठेवा, वर ताडपत्री टाकू. मी तिथंच खाट टाकून झोपीन." त्या वर्षी पावसाळाभर ते पोत्यांच्या आडोशाला झोपले, उंदरांना शिव्या देत.

त्यानंतर मी आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यात किती नेटवर्क घातली त्याचा हिशेब ठेवलेला नाही. शाळा, दवाखाने, माजरीकडच्या कोळसा खाणींच्या कामगार वसाहती, पार सिरोंच्याकडची वसतिगृहं, जिथे सूचना तेलुगूत लिहून लावाव्या लागायच्या. सगळीकडे वाटेच्या यंत्राचा शेवटचा आकडा मी चौदा ठेवते. नव्या पोरांना ते खटकतं. "मॅडम, सगळे एक ठेवतात, तुम्हीच चौदा काऊन?" मी म्हणते, चालते ना? मग लिहा. छोटी गाडी गेली, तिचे रूळही गेले, मॉडेम तर भंगारातही मिळत नाही. पण एखाद्या दूरच्या आश्रमशाळेत लाईन लागत नसली, आणि बरोबरचा इंजिनियर उद्या येऊ म्हणून पिशवी उचलायला लागला, की मी खुर्ची ओढून बसते. त्यालाही बसवते.

जयंतीच्या त्या संध्याकाळी बाबांना सुटी होती, आम्ही तिघं अंगणात जेवायला बसलो. दिवसभराच्या खिरीने तोंड गोड झालेलं, म्हणून मायने मुद्दाम चटणी केली होती. मोठी गाडी गेली, फळीवरची भांडी वाजली, आणि त्या आवाजात बाबांनी भातातून मान वर न काढता मायला विचारलं, "चिमूरवाल्यायले काय सांगू मंग?"

माय माझ्या पानात भात वाढत होती. तिने आणखी एक मूद वाढली.

"म्हना, पोट्टी कामात हाय," ती म्हणाली. "अन् घाई असन त त्यायले म्हना, दुसरी पाहा. आमी इथून हाक मारू तवा मारू."